पिक्सी२ कॅमेरा टोमॅटोच्या पट्ट्यावर, आठ महिन्यांनंतर

काकांच्या शेडमधे टोमॅटो वेगळे करायला छोटा पट्टा बनवला, लाल एकीकडे हिरवट दुसरीकडे, त्याच्यावर पिक्सी२ हा रंग ओळखणारा छोटा कॅमेरा लावलाय. आठ महिने झाले म्हणून लिहितो.

काडेपेटीएवढा बोर्ड, वजन 10 ग्रॅमच्या आसपास. बघायचं काम सगळं त्याच्यावरच होतं, सेकंदाला 60 फ्रेम, आर्डुइनोकडे (पट्टा चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) फक्त आकडे येतात: कुठला रंग, कुठे आहे, केवढा आहे. शिकवायला लॅपटॉपपण लागत नाही, वरचं बटण दाबून धरायचं, लाईट आधी पांढरा मग लाल झाला की सोडायचं, टोमॅटो समोर धरून परत एकदा दाबायचं, झालं. असे 7 रंग शिकवता येतात.

पण याला टोमॅटो कळत नाही हो, रंगाची छटाच कळते! चुलतभाऊ लाल टीशर्ट घालून वाकला की टोमॅटो वळवणारी झडप उघडलीच म्हणून समजा.

मला सगळ्यात जास्त रडवलं ते उजेडाने, आणि चूक माझीच. शेड पश्चिमेला उघडी, चारनंतर पिवळं ऊन आत आलं की अर्धवट पिकलेला मालपण लालमधे जायला लागायचा, मी आपला रोज संध्याकाळी पिक्सीमॉनमधे (त्याचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) रंगाची रेंज कमीजास्त करत बसायचो, दोन महिने असेच गेले. शेवटी पट्ट्यावर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घातलं, आत पांढरी एलईडी पट्टी, बाहेरचा उजेड बंद. तरी धुतलेल्या टोमॅटोवर चमक यायची, तिथे त्याला रंगच दिसायचा नाही आणि एकाचे दोन टोमॅटो व्हायचे. एलईडीवर बटर पेपर लावला. काकू म्हणाली, टोमॅटोला घुंगट कशाला रे.

मोजणीसाठी मात्र एकदम कामाचा आहे. दिसलेल्या प्रत्येक वस्तूला तो नंबर देतो आणि ती फ्रेममधे असेपर्यंत तोच ठेवतो, त्यामुळे एक टोमॅटो एकदाच मोजला जातो. हे मला उशिरा कळलं, आधी क्रेटमधे दिसायचे त्याच्या दुप्पट आकडे यायचे.

सर्वोला, म्हणजे झडप हलवणाऱ्या छोट्या मोटरला, करंट वेगळा द्या. मी आर्डुइनोच्याच 5 व्होल्टवर कॅमेरा आणि सर्वो दोन्ही जोडले होते, झडप हलली की सगळं रीसेट.

मित्राकडे हस्कीलेन्स हा असाच दुसरा कॅमेरा आहे, त्याला मागे स्क्रीन असल्याने काय दिसतंय ते तिथेच कळतं, चेहरेपण ओळखतो. मला रंगच पाहिजे होता म्हणून हा घेतला, परत घेईन.

डागी, चिरलेला माल अजून काकूच पट्ट्याच्या टोकाला बसून काढते. सर्वो दोन गेले, प्लास्टिक गिअरचा घेऊच नका.