क्लोद लोरँचं 'शेबाच्या राणीचं प्रयाण': २४ × १८ इंची कॅनव्हास प्रिंट घ्यावा का?

सतराव्या शतकातला फ्रेंच निसर्गचित्रकार क्लोद लोरँ याच्या या चित्राचे प्रिंट ऑनलाइन भरपूर मिळतात आणि त्यातले बहुतेक आकाशातच मार खातात. हा मॅट (बिनचकाकीचा) प्रिंट आकाश सांभाळतो, म्हणून बाकीचे दोष धरूनही घेण्याजोगा आहे.

मूळ तैलचित्र १६४८ सालचं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आकार साधारण १४९ सेंमी उंच × १९७ सेंमी रुंद. बायबलमधली राणी उंटांचा काफिला घेऊन येते, पण रोममध्ये राहणाऱ्या क्लोदने तिला बंदर दिलं. असं बंदर कुठेच नाही. डावीकडे ढासळलेले खांब, उजवीकडे महाल, दोन्ही नाटकाच्या विंगांसारखे, आणि मधोमध क्षितिजालगतचा सूर्य. सगळी वास्तू त्या उजेडासाठी मांडलेली आहे. इंग्लिश चित्रकार टर्नरला हे चित्र इतकं भिडलं होतं की आपलं कार्थेज या प्राचीन नगराचं चित्र क्लोदच्या शेजारी लावावं, अशी अट त्याने मृत्युपत्रात घातली.

म्हणून प्रिंट आला की आधी सूर्याभोवती बघा. मूळात फिकट सोनेरी रंग वर जाता जाता कधी निळा होतो ते कळतही नाही. छपाईची डिजिटल फाइल जास्त दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असेल तर तिथे पट्टे उमटतात. विक्रेत्याने रंग भडक केले असतील तर पिवळ्याचा नारिंगी होतो आणि सकाळची संध्याकाळ होऊन बसते. या प्रिंटमध्ये दोन्ही झालेलं नाही. जहाजांच्या दोरखंडांच्या रेघाही सुट्या दिसतात. राणीचा निळा झगा मात्र काळपट झालाय आणि डाव्या खांबांच्या सावलीतले बारकावे बुडालेत. खोलीत उजेड कमी असेल तर हे जास्त खटकेल.

आकार निवडताना घाई नको. मूळ प्रमाण १.३२ : १ आहे. २४ × १८ मध्ये जेमतेम पाव इंच कापला जातो. ३६ × २४ मागवलात तर उंचीतले सव्वातीन इंच जातात, म्हणजे आकाश तरी किंवा पुढचा काठ तरी. मोठाच हवा असेल तर ३६ × २७ सांगून करून घ्या.

दुसरी गफलत कडांची. दीड इंची चौकटीवर चित्रच मागे दुमडलं तर दोन्ही बाजूंचे दीड-दीड इंच समोरून जातात आणि डावे खांब कडेवर वळतात. ऑर्डर देतानाच कडा आरशासारख्या उलट छापून किंवा साध्या रंगाच्या मागा. इथे साधी तपकिरी कड आहे, तीच बरी.

कॅनव्हास सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचा, शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची. डाय (विरघळलेल्या रंगाच्या) शाईचा प्रिंट उन्हात लवकर उडतो. चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी दिल्यात, हे चांगलं केलंय: पावसाळ्यात कापड सैल पडलं की पाचर हलकेच ठोकायची, मागून पाणी शिंपडायचं नाही. कोकणात किंवा मुंबईत बाहेरच्या भिंतीवर लावणार असाल तर मागच्या चारही कोपऱ्यांना रबरी बटणं चिकटवा. भिंत आणि कापडात हवा खेळली नाही तर मागून बुरशी धरते, आणि ती पुढे येते ती नेमकी फिकट आकाशातच.