दिवाळीपासून एरमॉड वापरतोय: कोळशाची धूळ कोणाच्या वावरात बसते?

वणी तालुक्यात आमचं वावर कोळशाच्या टिप्परच्या कच्च्या रस्त्याला लागून आहे. वेचणीला आलेला कापूस काळसर पडतो आणि भावात मार बसतो. धूळ किती लांब जाते यावर मात्र गावात जितकी तोंडं तितके अंदाज. म्हणून एरमॉड घेतलं. हवेत उडालेली धूळ कुठे, किती जाते याचा हिशोब करणारं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं हे संगणकावरचं मॉडेल फुकट मिळतं. ना खिडक्या, ना बटणं. एका साध्या फाइलीत सगळं लिहून द्यायचं. ते आठवडाभरात जमतं.

खरा वेळ हवामानाची फाइल खाते. दर तासाचा वारा लागतो, आणि तो गावात कोणी मोजत नाही. मी ईआरए-५ ची, म्हणजे जगभरच्या हवामानाच्या तासातासाच्या संगणकी नोंदींची, माहिती वापरली. तिचा एक चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा, त्यामुळे आमच्या नाल्याकाठचा वारा तिला दिसत नाही.

पण धूळ बसण्याचा हिशोब पाहिला आणि माझा पैसा वसूल झाला असं वाटलं, जरी पैसा लागलाच नव्हता. कणांचा आकार, घनता आणि कोणत्या आकाराचे किती, एवढं सांगावं लागतं. कण दुप्पट जाड झाला की पडण्याचा वेग चौपट. कोळशाचा ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर खाली येतो, १० मायक्रॉनचा अर्धा सेंटिमीटरही नाही. चार मीटर उंच उडालेला जाड कण सेकंदाला २ मीटरच्या वाऱ्यात शंभर मीटरच्या आतच बसतो. बारीक कण त्याच वाऱ्यात दोन किलोमीटर जाऊ शकतो. म्हणजे पऱ्हाटी काळी करणारी धूळ वेगळी आणि गावातल्या लेकरांच्या छातीत जाणारी वेगळी. रस्त्यालगतची चार वावरं मोजून नुकसान ठरवणाऱ्यांनी हे समजून घ्यायलाच हवं.

धुऱ्याधुऱ्यावर पसरट डबे ठेवून ताडून पाहिलं. कुठे जास्त, कुठे कमी, हा क्रम बरोबर आला. वजन जुळलं नाही. रस्त्याच्या मातीत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भाग किती, हा आकडा मी छापील तक्त्यातून घेतला होता, आणि धूळ किती उडते ते त्यावरच ठरतं.

माझी मोठी तक्रार हिवाळ्यातल्या रात्रींची. वारा पडलेले तास मॉडेल हिशोबातून वगळतं, आणि प्रत्येक तास कोरा धरतं. आधीच्या तासात साचलेली धूळ त्याला आठवत नाही. आमच्याकडे पहाटे धूळ धुक्यासारखी जमिनीलगत थांबते, तेव्हाच हे मुकं होतं. अशा रात्रींसाठी कॅलपफसारखं मागचं लक्षात ठेवणारं मॉडेल हवं.

ग्रामसभेत नकाशा दाखवला तेव्हा एका शेतकऱ्याने विचारलं, "भाऊ, धुऱ्यानं निंबाची रांग लावली तर धूळ थांबन का?" झाडांच्या पानांवर अडकणारी धूळ एरमॉड असं वेगळं धरत नाही, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. पाणी मारल्याने धूळ निम्मी झाली तर कोणत्या वावराला किती फरक पडेल, हे मात्र लगेच सांगता आलं.

वापरायचं असेल तर आधी आपल्याच रस्त्याची माती वाळवून चाळा. चाळणी २०० मेशची घ्या, म्हणजे ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भागच खाली पडेल.