मुलांसाठीची प्रोटॉन उपचारसेवा : परिचारिकेने समजावले तेव्हा उमगले
कर्करोगासारख्या गाठींवरील किरणोपचारात वापरला जाणारा प्रोटॉनचा, म्हणजे अणूतल्या सूक्ष्म कणांचा, झोत आपली बरीचशी ऊर्जा ठरावीक खोलीवर, म्हणजे गाठीपाशीच, सोडून थांबतो आणि पलीकडच्या वाढत्या अवयवांना फारशी झळ पोहोचत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले होते. पण ते आम्हाला उमगले परिचारिकेमुळे. उपचारावेळी डोके हलू नये म्हणून घालायचा जाळीदार मुखवटा तिने आधी बाहुलीला चढवला, मग तो आमच्या पाच वर्षांच्या मुलीच्या हाती दिला, आणि भूल द्यायची असल्याने केव्हापासून उपाशी ठेवायचे, त्वचा लाल झाल्यास काय लावू नये, हे आमच्याकडूनच वदवून घेतले. झोत एक-दोन मिनिटांचाच. वेळ जातो तो अचूक स्थितीत निजवण्यात. तक्रार एकच : यंत्र बंद पडले त्या दिवशी उपाशी लेकराला तीन तास ताटकळत ठेवले आणि कोणी साधे कळवलेही नाही.