महागाईत धंदा सावरायचा, तर कोणत्या योजनेचं दार आधी ठोठवायचं?

तेलाचा डबा महागला की वडापावच्या गाडीवर लगेच भाव वाढवता येत नाही, कारण शेजारची गाडी वाढवत नाही. मग किराणा दुकानातली उधारी वाढते, भिशीचा हप्ता चुकतो आणि शेवटी रोजच्या व्याजावर पैसे देणारा दारात येतो. घरी पापड-मसाले करणाऱ्या ताईंची आणि शिवणयंत्रावर घर चालवणाऱ्या दादांचीही गत फार वेगळी नाही. सरकारच्या अर्थसंकल्पात अशांसाठी तरतूद असते, पण ती वेगवेगळ्या योजनांत विखुरलेली असते. लोक योजना निवडताना ‘कर्ज किती मिळतं’ एवढंच विचारतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो क्रम. एका योजनेतून पैसे उचलले की दुसरीचं दार बंद होऊ शकतं, आणि हे अनेकांना सही करून झाल्यावर कळतं.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: कमी काय पडतंय? रोजचा माल भरायला पैसा, की यंत्र? माल भरायचा असेल तर हवं ते खेळतं भांडवल, आणि ते थोडकंच घ्यावं. तेल महागलं म्हणून पाच लाखांचं कर्ज काढलं, तर तेल स्वस्त होत नाही. वर हप्ता मात्र येतो. यंत्रामुळे मजुरी, वेळ किंवा वीज वाचणार असेल, तरच मोठ्या कर्जाकडे वळा.

गाडीवाले, फेरीवाले

यांच्यासाठी माझं उत्तर सरळ आहे: पीएम स्वनिधी. कोरोनाकाळात, 1 जून 2020 रोजी ती सुरू झाली. तेव्हा पहिलं कर्ज 10,000 रुपयांचं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये योजनेची फेररचना झाली आणि टप्पे 15,000, 25,000 आणि 50,000 असे झाले; मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढली. तारण लागत नाही. हप्ते वेळेवर भरले तर व्याजदरातल्या 7 टक्क्यांइतकी रक्कम सरकार तुमच्या खात्यात परत जमा करतं. क्यूआर कोडवर पैसे घेतले तर थोडा कॅशबॅकही मिळतो. दुसरं कर्ज वेळेत फेडलं की यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही मिळू शकतं. रक्कम लहान आहे, हे खरं. पण रोजच्या व्याजाच्या फेऱ्यातून सुटायला 15,000 रुपये कमी नाहीत. अडतं ते कागदावर: पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. पालिकेच्या फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात नाव नसेल तर शिफारसपत्रासाठी आधी पालिकेत अर्ज करा, बँकेत नंतर जा.

मुद्रा: सगळ्यांना खुली, पण सवलत नाही

8 एप्रिल 2015 पासून चालू असलेली मुद्रा योजना व्यापार, सेवा, उत्पादन अशा साऱ्यांना चालते. शिशु गटात 50,000 पर्यंत, किशोरमध्ये 5 लाख, तरुणमध्ये 10 लाख. जुलै 2024 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, तरुण गटातलं कर्ज फेडलेल्यांसाठी मर्यादा 20 लाखांपर्यंत नेली. तारण नाही, हा तिचा मोठा गुण. पण यात अनुदान नसतं आणि व्याजदर बँक ठरवते. ‘मुद्रात निम्मे पैसे माफ होतात’ असं सांगणारा दलाल भेटला तर तिथूनच परत फिरा. या योजनेत दलाल नेमलेलेच नाहीत. चालू धंदा आहे, दुसऱ्या कुठल्या योजनेत बसत नाही, अशांनी मुद्राकडे जावं. माझ्या लेखी ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

कारागीर: इथे क्रम चुकवू नका

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी, हार करणारे, टोपल्या-झाडू विणणारे वगैरे. खानावळ किंवा पोळीभाजी यात नाही, त्यामुळे स्वयंपाकाच्या धंद्यातल्या बायकांनी यात वेळ घालवू नये. पण शिंप्याने घालवलाच पाहिजे. प्रशिक्षणाचे दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाख.

हिशेब करून बघा. 1 लाख रुपये 18 महिन्यांत फेडताना 5 टक्क्यांनी सुमारे 4,000 रुपये व्याज जातं. हेच पैसे 12 टक्क्यांनी घेतले तर साधारण 9,800. फरक साडेपाच हजारांहून जास्त, शिवाय अवजारं वेगळीच.

आता अट ऐका. गेल्या 5 वर्षांत मुद्रा, स्वनिधी किंवा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम यांतून कर्ज घेतलं असेल, तर विश्वकर्मात घेत नाहीत. मुद्रा किंवा स्वनिधी पूर्ण फेडलं असेल तर मात्र चालतं. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. म्हणजे शिंप्याने घाईत मुद्राचं 50,000 चं कर्ज काढलं, तर ते फिटेपर्यंत 5 टक्क्यांचं कर्ज त्याच्या हातून जातं. माझ्या ओळखीत हे झालं आहे, आणि अर्ज भरून देणाऱ्याने आधी एक शब्द सांगितला असता तर टळलं असतं. म्हणूनच इतकं ठासून लिहितो आहे.

अनुदान हवं असेल तर

इथे दोन योजनांत गल्लत होते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम मुख्यतः नव्या उद्योगाला आहे. चालू धंद्याला सहसा नाही. ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के, शहरी महिलेला 25 टक्के अनुदान, स्वतःचा वाटा 5 टक्के. 5 लाखांच्या ग्रामीण प्रकल्पात तुमचे 25,000, आणि अनुदान 1,75,000. ही रक्कम हातात पडत नाही. 3 वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहते आणि युनिट चालू असल्याचं दिसलं की मग कर्जात वळती होते. तोवर हप्ते तुम्हालाच भरायचे. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक जमेल की नाही याची धाकधूक असेल तर ही योजना घेऊ नका.

पापड, मसाले, लोणची, शेवया करणाऱ्यांसाठी 2020 पासूनची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना जास्त सोयीची, कारण ती चालू उद्योगालाही मिळते. 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख. बचत गटातल्या सभासदाला बीज भांडवल म्हणून 40,000 पर्यंत मिळतात, ते गटामार्फत. राज्यात हे काम कृषी विभाग पाहतो, म्हणून चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा. या दोन्ही योजनांचा टप्पा 2025-26 पर्यंतचा ठरलेला होता. कोटेशन गोळा करण्याआधी पुढचे आदेश विचारून घ्या.

घरखर्चाचा पैसा वेगळा ठेवा

लाडकी बहीणचे महिन्याला 1,500 रुपये किंवा उज्ज्वलाच्या सिलिंडरवरचे 300 रुपये घराला आधार देतात. ते कर्जाच्या हप्त्याच्या हिशेबात धरू नका. लाडकी बहीणला कुटुंबाच्या उत्पन्नाची अडीच लाखांची अट आहे. धंदा वाढून उत्पन्न त्यापुढे गेलं की हे पैसे थांबतील, आणि हप्ता त्यावर बेतलेला असेल तर अडचण होईल. आणि उज्ज्वलाचा लाल सिलिंडर गाडीवर वापरणं नियमबाह्य आहे. धंद्याला 19 किलोचा व्यावसायिकच लागतो, त्यावर सवलत नाही. वडापावचा भाव ठरवताना तोच दर धरा.