टर्की कॉल: फेब्रुवारी ते नोव्हेंबर वापरल्यानंतरचा अनुभव

पेनसिल्व्हेनियातल्या दोन-तीन मराठी मैत्रिणींनी विचारलं की टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीला सुरुवात करायची तर कुठला कॉल, म्हणजे पक्ष्याचा आवाज काढायचं साधन, घ्यायचा, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. एकच घेणार असाल तर स्लेटचा पॉट कॉल, म्हणजे पाटीच्या दगडाची डबी, घ्या. दोन घेणार असाल तर दुसरा घुबडाच्या आवाजाचा घ्या, बॉक्स कॉल नाही. इथल्या जुन्या शिकाऱ्यांना हे पटणार नाही, पण मी हा सीझन संपल्यावर ठामपणे सांगते की टर्कीला बोलावणं नंतर, ती नेमकी कुठे आहे हे कळणं आधी, आणि आमच्या डोंगरात तर तेच सगळं काम आहे.

आमचे डोंगर म्हणजे रॉथरॉक स्टेट फॉरेस्ट, स्टेट कॉलेज गावाच्या दक्षिणेला. लांबच लांब सरळ रांगा, वर ओकचं जंगल, खाली दरीत मक्याची शेतं. पक्षी ईस्टर्न जातीचा. फेब्रुवारीत हॅरिसबर्गला आउटडोअर शो भरतो तिथून मी बॉक्स, स्लेट, तोंडात धरायचा डायफ्रॅम, घुबडाचा आणि कावळ्याचा असे पाच कॉल घेतले आणि शेजारचे आजोबा, सत्तरी ओलांडलेले, कित्येक वर्षं याच जंगलात जाणारे, त्यांच्याकडून शिकले.

घुबडाच्या कॉलपासून सुरू करते कारण तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कौतुक होणारा. टर्की रात्री झाडावर बसते. वसंतात नर इतका तापलेला असतो की कुठलाही मोठा आवाज आला, ढग गडगडले, गाडीचं दार आपटलं, घुबड ओरडलं, की त्याच्या तोंडून आपोआप गॉबल, म्हणजे नराची ती मोठी गडगडती हाक, निघतो, विचार करून नाही. इथलं बार्ड आउल हे घुबड आठ सुरांत ओरडतं, तोच आवाज काढायचा. एप्रिलमध्ये सूर्य मावळल्यावर कड्यावर उभं राहायचं, एकदा वाजवायचं आणि गप्प बसायचं. वाजवणं छोटं ठेवायचं कारण त्याचा गॉबल लगेच येतो आणि तुम्ही अजून वाजवतच असाल तर तो तुम्हाला ऐकूच येत नाही. उत्तर आलं की नकाशात खूण, दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच तिथून शंभर-दीडशे यार्डांवर झाडाला पाठ टेकून बसायचं. दिवसा हेच काम कावळ्याचा कॉल करतो. टेहळणीला गेल्यावर मादीचा आवाज मात्र अजिबात काढू नका, नर आला, मादी दिसली नाही, की तो पक्षी शहाणा होतो आणि मे महिन्यात तुमचं ऐकत नाही.

अजून एक गोष्ट, ही कुठल्या पाकिटावर छापलेली नसते: मेच्या सुरुवातीला झाडांना पालवी फुटली की आवाज दबतो. एप्रिलमध्ये जो गॉबल अर्ध्या मैलावरचा वाटायचा, तसाच ऐकू आलेला गॉबल आता बराच जवळचा असतो. त्याच्या दिशेने आणखी पुढे सरकायच्या आधी हे लक्षात ठेवा.

आता स्लेट. हा म्हणजे वाटीएवढी गोल डबी, वर पाटीचा दगड बसवलेला, आणि लाकडाची एक कांडी. शाळेत पाटीवर पेन्सिल करकरायची ना, तोच प्रकार, फक्त इथे ती करकर कमवावी लागते. डबी बोटांच्या टोकांवर धरायची, खालच्या भोकांना तळहात लागला की आवाज मेला. कांडी पेनासारखी, थोडी तिरकी, टोक दगडावरून न उचलता छोटे लंबगोल काढायचे. कडेजवळ आवाज पातळ आणि उंच, मध्याकडे जाड. कांडी नुसती ओढली की पर्र, म्हणजे मादीची मऊ घरघर, टोक जरा दाबून झटकन सुटू दिलं की क्लक, म्हणजे तिचा एकच तुटक आवाज. सॅंडपेपरने दगड एकाच दिशेने घासून घ्यायचा आणि त्या रेघांना आडवं वाजवायचं. बोटाचं तेल लागलं की तेवढी जागा गुळगुळीत होते आणि सूर घसरतो, म्हणून वरच्या बाजूला हात लावायचा नाही. पाऊस हा याचा खरा शत्रू. आमच्याकडे मे महिना ओलाच जातो, त्यामुळे त्याच मापाची काचेची डबी आणि कार्बनची कांडी मी नंतर जोडीला घेतली, ती ओल्यातही वाजते, पण स्लेटची मऊ पर्र तिच्यात नाही.

बॉक्स कॉल सुंदर वस्तू आहे, यात वाद नाही. आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सनने १८९७ साली याचं पेटंट घेतलं आणि रचना आजही जवळपास तीच, लाकडी पेटी आणि वर खडू लावलेलं फिरतं झाकण. पाच मिनिटांत कुणालाही वाजवता येतो आणि वाऱ्याच्या दिवशी एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर पोचेल असा आवाज दुसऱ्या कशात नाही. पण दोन्ही हात हलतात, आणि टर्कीला वास फारसा येत नसला तरी नजर भयंकर तीक्ष्ण. शिवाय पाठपिशवीत झाकण हललं की पेटी आपोआप चिवचिवते, रबर बॅंड लावावाच लागतो. खडू साधा, तेल-मेण नसलेलाच लावायचा.

डायफ्रॅम टाळूला चिकटवायचा असतो, पहिले काही दिवस नुसती उबळ येते. गाडीत ऑफिसला जाता-येता महिनाभर सराव केला तेव्हा कुठे यल्प, म्हणजे मादीची नेहमीची हाक, यल्पसारखा वाटला. पण दोन्ही हात बंदुकीवर असताना, पक्षी समोर असताना, हाच एक कॉल कामाचा. याच्या लेटेक्सच्या पातळ रबरी पट्ट्या उन्हात तापलेल्या गाडीत खराब होतात, मी दोन पट्ट्यांमध्ये टूथपिक सरकवून फ्रिजमध्ये ठेवते.

वाजवायचं किती, यावर सगळे भांडतात. माझं मत कमी, अगदी कमी. निसर्गात मादी नराकडे चालत जाते, आपण त्याला उलटं सांगतोय की तूच ये. पहाटे झाडावरून उतरल्या उतरल्या त्याच्याभोवती खऱ्या माद्या असतात, तुमच्या डबीला तो कशाला विचारेल. नऊनंतर माद्या अंड्यांकडे जातात आणि तो एकटा पडतो. बहुतेक लोक तोवर नाश्त्याला परत गेलेले असतात. मला मिळालेला नर असाच दहाच्या सुमाराला आला. कावळ्याच्या कॉलला खालच्या खोबणीतून उत्तर दिलं, मी मध्ये ओढा येणार नाही अशी जागा धरून बसले कारण ओढा किंवा कुंपण आलं की ते अडून बसतात, स्लेटवर तीन-चार मऊ यल्प, एक क्लक, आणि डबी खाली ठेवली. तो दोनदा गॉबलला, मी गप्प. मग बराच वेळ काही नाही. नंतर कानाला नाही, छातीला जाणवेल असा एक खर्ज आला, थुंकल्यासारखा फुत्कार आणि त्यामागून घुमणं, याला इथे स्पिट अँड ड्रम म्हणतात, आणि तो ऐकू आला म्हणजे पक्षी जवळ आहे. लॉरेलच्या झुडपाआडून आधी पिसाऱ्याची कड दिसली, मग डोकं, लाल, पांढरं, निळं. तीस यार्डांच्या आत. चाळीसच्या पुढे मी गोळी झाडत नाही.

डोक्याचे ते तीन रंग अंगावर कधीच घालू नका, मोजा किंवा रुमालसुद्धा नाही, दुसरा शिकारी तुम्हालाच नर समजेल. आणि मादीचा आवाज आला म्हणून त्याच्या मागावर जाऊ नका, तिथे दुसरा माणूस डबी घेऊन बसलेला असू शकतो. पेनसिल्व्हेनियात वसंतात फक्त बोलावूनच शिकार करता येते, दबा धरत मागे जाणं बेकायदेशीर आहे, आणि हा नियम मला मनापासून पटतो. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, माणसाच्या आवाजात मोठ्याने बोला. चालताना मी नारिंगी टोपी घालते. इलेक्ट्रॉनिक कॉलला बंदी आहे, फोनवरचे आवाज घरी सरावापुरते. पहिले दोन आठवडे दुपारी १२ ला शिकार बंद होते, आणि वसंतात दाढीवालाच, म्हणजे छातीवर केसांसारखा झुपका असलेलाच, पक्षी मारायचा.

पाय आणि मांड्या चिवट असतात, लोक टाकून देतात, ते बघून मला राग येतो. कुकरला लावून मालवणी मसाल्यात रस्सा केला, आजोबांनी दोनदा वाढून घेतला. हा पक्षी १९३० च्या दशकात अख्ख्या देशात दोनेक लाखांवर आला होता, फार्मवर वाढवून सोडलेले जंगलात टिकत नव्हते, शेवटी जंगली पक्षीच जाळ्याने पकडून रिकाम्या जंगलात नेऊन सोडले तेव्हा ते परत वाढले. एवढ्या लोकांनी राबून परत आणलेल्या पक्ष्याचं अर्धं मांस फेकायचं नसतं.

शरद ऋतूत डबीपेक्षा डायफ्रॅम जास्त वापरला गेला. तेव्हा नर प्रेमात नसतात, थवा पांगला की पिल्लं एकमेकांना की-की करून गोळा करतात, ती पातळ शीळ तोंडातल्या कॉलवरच नीट निघते. त्यासाठी दोन पट्ट्यांचा घ्या, तीनचा जड जातो.

टिकण्याबद्दल: स्लेटची डबी आजही नवी असल्यासारखी, कांडीचं टोक मधूनमधून घासते एवढंच. बॉक्सचं झाकण दमट हवेत जरा फुगतं. डायफ्रॅम दरवर्षी नवा घ्यावा लागणार. कॉल घ्यायच्या आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करा, त्याशिवाय पहिलं लायसन्स मिळत नाही, आणि व्हिसावर असाल तर बंदुकीचे फेडरल नियम वेगळे आहेत, ते आधी वकिलाकडून नीट समजून घ्या. कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारा, आमच्याकडे गोचिड्या आणि त्यांच्यामुळे होणारा लाइम रोग दोन्ही भरपूर.