साडेनऊशेचं शुगर मशीन अन् संत्र्याच्या बोटाचा २१४ चा आकडा

पहिलेच सांगतो, मी डॉक्टर नाही. वरूड पट्ट्यात संत्र्याची बाग आहे अन् गावात छोटं कृषी केंद्र, म्हणजे अर्धा दिवस खुर्चीत अन् बाकीचा गाडीवर. वय ४४. घरी शुगर तपासायचं मशीन घेऊन आठ महिने झाले, ग्लुकोमीटर म्हणतात ते, अन् दुकानात येणारा प्रत्येक जण विचारते घेऊ का नको, म्हणून एकदाच लिहून टाकतो. कंपनीचं नाव नाही लिहीत, कारण मेडिकलवाल्याकडे चार कंपन्यांची होती अन् मी जे सांगणार ते चारही जणींना लागू आहे.

९५० ला पडलं. सोबत रक्ताचा थेंब लावायच्या २५ पट्ट्या, दहा सुया, टोचायचा पेन अन् चेनची पिशवी. मशीन स्वस्तच म्हणावं लागेल, खरा धंदा पट्ट्यांचा आहे, ५० ची डबी मला ८०० ला भेटते अन् या मशीनमध्ये दुसऱ्या कंपनीची पट्टी चालत नाही. म्हणून घ्यायच्या आधी मेडिकलवाल्याला हे विचारा की याच्या पट्ट्या तुमच्याकडे बाराही महिने राहतात का, नाहीतर मशीन कपाटात अन् तुम्ही अमरावतीच्या चकरा मारत.

आता २१४ ची गोष्ट. नोव्हेंबर होता, आंबिया बहाराची तोड सुरू, व्यापारी माल पाहायला आलेला, त्याला दाखवायला मी आठ-दहा संत्री सोलली असतील, खाल्ली एखादी फोडच. दुपारी घरी आलो, हात पँटला पुसले अन् हौसेनं बोट टोचलं. आकडा २१४! माझे तर पायच गळले, डोळ्यांपुढे आमचा मोठा काका आला, अंगठा कापावा लागला होता त्याचा. बायको स्वयंपाकघरातून म्हणते, "अवो, हात धुतले का तुमी?" साबणानं धुतले, पुसून कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. १२१. पाच मिनिटांत ९३ चा फरक, अन् सगळा फरक बोटावरच्या रसाचा. पट्टी एवढंसं रक्त घेते, त्यात फळाच्या रसाची साखर मिसळली की आकडा उडतोच, हे मला आमच्या डॉक्टर मॅडमनं नंतर समजावून सांगितलं. आंबा, ऊस, गूळ, सगळ्यांचं तेच. सॅनिटायझर लावून लगेच ओल्या बोटावर टोचणंही बरोबर नाही, साबण-पाणी अन् कोरडं बोट, बस.

मशीन घेतलं काहून तेही सांगतो, कारण मूळ घोळ तिथंच आहे. गावात एका लॅबचा पोरगा सकाळी रक्त न्यायला यायचा. साडेसहाला माझं रक्त घेतलं, लाल झाकणाच्या नळीत, मग चार गावं फिरून नळी दुपारी बाराच्या पुढं लॅबमध्ये पोचली. रिपोर्ट आला उपाशीपोटी ८४. मी खूश, दोन पेढे खाल्ले त्या आनंदात. पण रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं सुरूच होतं अन् मानेमागं काळा पट्टा आलेला, तीही शुगरची खूण असू शकते, पण मी उन्हाचा समजून घासत होतो. महिन्याभरानं दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये स्वतः जाऊन दिलं तर १०८. तिथल्या ताईनं राखाडी झाकणाची नळी वापरली. मी विचारलं हे वेगळं काहून, तर म्हणे, "भाऊ, रक्त नळीत गेलं तरी त्यातल्या पेशी साखर खातच राहतात, तासाला पाच-सात टक्के कमी होते, गरमीत अजून जास्त. राखाडी नळीत फ्लोराइड राहते, ते हे खाणं थांबवते." म्हणजे माझी साखर त्या पोराच्या गाडीच्या डिक्कीत फिरता फिरता कमी झाली बहुतेक! पेढे वाया. तेव्हापासून मी झाकण पाहतो, शुगरला राखाडी अन् एचबीएवनसीला, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीला, जांभळं, वेगळं दिसलं तर सरळ विचारतो.

अन् गंमत पहा, १०८ वर त्या रिपोर्टमध्येही काही खूण नव्हती, कारण बाजूला नॉर्मल म्हणून ७० ते ११० छापलेलं. काउंटरवरचा म्हणते, "काका, नॉर्मल आहे, टेन्शन नका घेऊ." टेन्शन नाही घेतलं, पण मॅडमकडे कागद घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, छापलेल्या रेंजवर जाऊ नका, बऱ्याच लॅबा जुनाच कागद चालवतात. त्यांनी पेनानं लिहून दिलेलं मी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलंय. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, ज्याला प्रीडायबेटिस म्हणतात, १२६ अन् वर म्हणजे शुगर. जागतिक आरोग्य संघटना हा उंबरठा ११० पासून धरते, म्हणून डॉक्टर-डॉक्टरात बोलणं वेगळं ऐकू येते, पण १२६ वर सगळ्यांचं एकमत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पाहतात त्यात १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ उंबरठा, २०० अन् वर शुगर. एचबीएवनसी ५.७ च्या आत ठीक, ६.४ पर्यंत उंबरठा, ६.५ पासून शुगर. अन् महत्त्वाचं, एका आकड्यावर कोणाला शुगरवाला ठरवत नाहीत. तहान, लघवी, वजन घटणं असं सगळं दिसत असेल अन् कधीही तपासलं तरी २०० च्या वर असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर दुसऱ्यांदा तपासून पक्कं करतात. माझं एचबीएवनसी ६.१ आलं. म्हणजे तीन महिन्यांची सरासरी १२८ च्या आसपास. उंबरठ्यावर उभा, एक पाय आत.

मग मशीन. मॅडम स्वतः म्हणाल्या की मशीननं निदान करायचं नाही, नसेतून काढलेल्या रक्तावरच करायचं, पण घरी काय खाल्ल्यावर काय होते ते पाहायला चांगलं आहे. मशीनच्या नियमातच फरक धरलेला आहे, आयएसओ १५१९७ म्हणून मानक आहे, त्याच्या २०१३ च्या नियमानुसार १०० च्या वर असेल तर १५ टक्के इकडेतिकडे चालते, अन् तेही शंभरातल्या ९५ वेळाच. मी एकदा लॅबमध्येच मशीन घेऊन गेलो, त्यांचं १०८ अन् माझं ११७. मला वाटलं मशीन बिघडलं, मॅडम म्हणे हे तर चांगलं आहे. जेवणानंतर तर बोटाचा आकडा नसेतल्या आकड्यापेक्षा जास्तच येते, म्हणून घरी जेवणानंतर १५० दिसलं की लगेच रडत बसायचं नाही.

मला यातून खरं काय भेटलं ते सांगतो. ज्वारीची भाकर, वरण, भाजी खाल्ली तर दोन तासांनी १३५-१४०. तेच लग्नात भात, मठ्ठा अन् जिलेबी झाली तर १८८. पण सकाळी नाश्त्याला तर्री-पोहे अन् वरून दोन कप गोड चहा, तर १७६! पोह्यावर माझा लय विश्वास होता, हलकं खाणं म्हणून, पण चहाही बरोबरीनं दोषी आहे म्हणा. हे लॅबमध्ये जाऊन कधीच कळलं नसतं, कारण लॅबमध्ये जायचं म्हणलं की आपण त्या दिवशी शहाण्यासारखं खातो. सासूबाई जेवणानंतरच्या तपासणीला गेल्या तर अर्धी भाकर खाऊन, "जास्त आली तं डॉक्टर रागावते." अरे मग तपासता काहून! अन् दोन तास हे पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही, हेही बहुतेकांना माहीत नसते. एका लॅबवाल्यानं तर मला एका तासातच बोलावलं होतं, त्याला जेवायला जायचं होतं म्हणून.

उपाशीपोटीचं तर आपल्याकडे वेगळंच शास्त्र. आठ तास काही खायचं नाही, पाणी चालते. पण आमच्या इथं चहा म्हणजे खाणं नाही अन् तंबाखू-सुपारीचा खर्रा तर नाहीच नाही. पाचला चहा, सहाला खर्रा अन् सातला "मी उपाशीच आलो ना जी." मीही त्यातलाच होतो, खोटं काहून बोलू.

आता मशीनच्या तक्रारी. पहिली, आपल्या बोटांची. कोवळ्या बोटांसाठी पेनावर १ ते ५ नंबर दिलेत, माझ्या बोटाला ५ वर ठेवूनही पहिल्यांदा रक्त आलं नाही, फवाऱ्याचा पंप अन् कुदळ धरून घट्टे पडलेत. मग बोट पिळलं, तर पिळल्यानं पेशींच्या बाहेरचं पाणी रक्तात मिसळते अन् आकडा चुकू शकते. उपाय म्हणजे कोमट पाण्यानं हात धुवा, हात खाली लोंबवा, अन् अनामिकेच्या कडेला टोचा, मधोमध नाही, कडेला दुखतेही कमी.

दुसरी, उन्हाळा. पुस्तिकेत लिहिलंय मशीन १० ते ४० डिग्रीत चालते अन् पट्ट्या ३० डिग्रीच्या आत ठेवा. कोणी लिहिलं बापा हे, मे महिन्यात आमच्याकडे ये म्हणा! ४५ डिग्रीत दुकानात मशीन काढलं तर स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र अन् काम बंद. म्हणून घरी कूलरसमोर ठेवलं, तर मेडिकलवाला ओरडला, कूलरची ओली हवा पट्टीला अजून वाईट. फ्रीजही नको, माठाजवळही नको. आता धान्याच्या कोठीमागं सगळ्यात थंड कोपरा आहे तिथं स्टीलच्या डब्यात ठेवतो अन् पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच टक्कन लावतो, डबीच्या झाकणातच ओल शोषायचं औषध राहते. डबी फोडली ती तारीख पेनानं वर लिहा, फोडल्यावर किती महिने चालते ते डबीवर दिलेलं असते. मशीन बरोबर आहे का तपासायचं एक पाणी येते, कंट्रोल सोल्यूशन, ते पूर्ण तालुक्यात कोणाकडे नव्हतं. एक तारा याच्यासाठी कापतो.

अजून एक गोष्ट, ही आपल्या विदर्भासाठी खास. माझे साडभाऊ गडचिरोलीकडचे, त्यांना सिकलसेल आहे, म्हणजे लाल रक्तपेशींचा जन्मापासूनचा आजार. त्यांचं एचबीएवनसी ५.१, एकदम छान, अन् उपाशीपोटीचं मात्र दोनदा १३० च्या वर. घरचे म्हणत लॅब चुकली. मॅडमनं पहिला प्रश्न केला, सिकल आहे का? एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते, अन् पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून तीन महिन्यांचा हिशेब. सिकलवाल्याची पेशी त्याआधीच फुटते, साखर चिकटायला वेळच भेटत नाही, म्हणून आकडा खोटाच कमी दिसते. अशांचं निदान रक्तातल्या साखरेवरच करायचं. उलटं माझ्या बायकोचं. हिमोग्लोबिन ८.९, एचबीएवनसी ५.९, अन् उपाशीपोटी ८८, जेवणानंतर ११२. लोह कमी असलं की एचबीएवनसी वाढलेलं दिसू शकते, म्हणून तिला आधी लोहाच्या गोळ्या दिल्या, एचबीएवनसी नंतर पाहू म्हणाल्या. रक्त लय कमी असलं तर बोटाचं मशीनही जास्त दाखवते. आमच्या नात्यात तीन माणसं अन् तिघांचा आकडा तीन तऱ्हेनं वाचावा लागला.

बाबांना हे काही पटत नाही. त्यांचं जुनं गणित, "लघवीले मुंग्या लागल्या का समजायचं शुगर." पण लघवीत साखर उतरते रक्तात १८० च्या आसपास गेल्यावर, म्हणजे मुंग्यांची वाट पाहायची तर १०८ वाला मी कित्येक वर्षं नॉर्मलच राहिलो असतो.

मग मशीन घ्यायचं का? नुसतं शुगर आहे का नाही एवढंच पाहायचं असेल तर नका घेऊ. उपकेंद्रात ३० च्या वरच्यांची तपासणी फुकट होते, आशाताई यादी घेऊन दारात येते अन् आपणच नंतर येतो म्हणून टाळतो. तिथं जास्त निघालं तर नसेतून रक्त द्या, राखाडी नळीत. उंबरठ्यावर निघालात अन् आपल्या ताटाचं काय होते ते पाहायचं असेल तर घ्या. मी पोहे आठवड्यातून एकदाच, चहा बिनसाखरेचा, दुकानातून बागेत गाडी सोडून पायी जातो, ७८ किलोचा ७४ झालो. मागच्या महिन्यात एचबीएवनसी ५.९. फार काही नाही, पण ६.१ चं ६.४ व्हायच्या ऐवजी इकडे आलं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा पट्ट्यांच्या भावानं खाल्ला.

अन् गाववाल्यांसाठी वेगळं लिहितो, रात्री जेवण झालं की "भाऊ, माही पन पाहून दे ना जरा" म्हणत चार-पाच जण ओसरीवर बसतात, त्याला माझी ना नाही, पण एकाची सुई दुसऱ्याला टोचणार नाही, त्यानं कावीळ ब पसरते. पेनही माझा घरचाच राहील. मेडिकलमध्ये एकदाच वापरायच्या टोचण्या सुट्या भेटतात, त्या आपल्या आपण आणा, हात घरूनच धुऊन या, अन् संत्री सोलत येऊ नका.