चर्चला पुन्हा कुलूप लागलं तर: यूट्यूब, झूम, फोन आणि रेशन-किट यांत काय निवडावं?

पंचमंडळाच्या किंवा धर्मग्राम समितीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांच्या, बैठकीत ‘साथ पुन्हा आली तर काय करायचं ते एकदा लिहून ठेवा’ असं ठरतं आणि काम कुणा एकाच्या गळ्यात पडतं. ते तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी मागच्या वेळचा, म्हणजे कोविडचा, हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये बंद झालेली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळी पाडव्याला उघडली. २०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला झाला आणि दुसऱ्याच रात्रीपासून पुन्हा टाळं लागलं. ते निघालं ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी. दोन्ही खेपा मिळून जवळपास चौदा महिने. त्यामुळे पंधरा दिवसांची तात्पुरती सोय बघू नका. वर्षभर माणसं न थकता रेटू शकतील असंच काहीतरी निवडा.

माझं मत आधीच सांगून टाकतो: फोन हा पाया, झूम घरसभांपुरतं, यूट्यूब सगळ्यांत शेवटी. मी पाहिलेल्या बहुतेक मंडळ्यांनी (मंडळी म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद) नेमकं उलट केलं. आधी कॅमेरा घेतला, मग ट्रायपॉड, मग बॅनर. आणि पावसाळा लागला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की मागच्या बाकावर बसणाऱ्या चार म्हाताऱ्या माणसांची मार्चपासून कुणी विचारपूसच केलेली नाही.

‘दार उघडंच ठेवू, अंतर राखू’

असं म्हणणारे एखादे वडील (मंडळीचे निवडलेले ज्येष्ठ) प्रत्येक बैठकीत असतात. त्यांच्या श्रद्धेशी वाद घालू नका, त्यांना दोन घटना सांगा. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समधल्या म्युलूझ शहरातल्या एका चर्चमध्ये उपास-प्रार्थनेचा सप्ताह झाला. सुमारे अडीच हजार माणसं जमली होती, ती घरोघर परतली आणि त्यांच्याबरोबर साथ देशभर पोचली. दुसरी घटना अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली. १० मार्च २०२० च्या संध्याकाळी स्कॅजिट व्हॅलीतलं गायकवृंद एका चर्चच्या सभागृहात तालमीला बसलं. एकसष्ट माणसं, अडीच तास. सॅनिटायझर ठेवलेलं होतं, हस्तांदोलन टाळलेलं होतं. तरी त्रेपन्न जण आजारी पडले, त्यांतले दोघे गेले.

म्हणून दार थोडंफार उघडं ठेवायची परवानगी मिळाली, तरी सगळ्यांत आधी बंद दालनातलं सामूहिक गायन थांबवा. आपल्याकडे उपासनेचा निम्मा वेळ गाण्यात जातो, टाळ-ढोलकीही असते. हे कुणाला रुचणार नाही. पण गाणं नको असेल तर उपासना वीस मिनिटांत आटोपते, आणि श्वासातून पसरणाऱ्या रोगात कमी वेळ बसणं हेही औषधच.

अंगणातल्या उपासनेचा पर्याय लोक विसरतात. परदेशात गाडीत बसून उपासना झाल्या. आपल्याकडे त्याचा उपयोग नाही, कारण निम्मी मंडळी रिक्षाने किंवा पायी येते. मात्र निर्बंध सैल झाल्यावर मोकळ्या आवारात, चपला काढायच्या ठिकाणापासूनच खुणा आखून, छोट्या गटांची उपासना होऊ शकते. मुंबईत ही रीत नवी नाही. १८९६ च्या प्लेगमध्ये वांद्रे, गिरगाव, माझगावकडच्या जुन्या वस्त्यांत लोकांनी रस्त्याकडेला क्रूस उभारले आणि संध्याकाळी त्यांच्यापाशी जमून प्रार्थना केल्या. त्यांतले कितीतरी क्रूस आजही तिथेच आहेत, हार घातलेले.

यूट्यूब

मोठ्या शहरी चर्चला, जिथे ध्वनियंत्रणा आणि दोन हौशी तरुण आधीच आहेत, तिथे हा पर्याय बरा. लहान मंडळीने त्यामागे धावू नये. नवं चॅनल काढलंत तर थेट प्रक्षेपणाची सोय सुरू व्हायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात, शिवाय मोबाइलवरून थेट दाखवायचं तर किमान सदस्यसंख्येची अट असते. म्हणजे शनिवारी रात्री आठवण झाली आणि रविवारी सकाळी सुरू, असं होत नाही. चॅनल आजच काढून ठेवा, फुकट आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर चित्रावर नको, आवाजावर करा. रिकाम्या चर्चमध्ये पाळकांपासून दहा फुटांवर ठेवलेला फोन फक्त घुमारा टिपतो. कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो. गाण्यांच्या बाबतीत एक फायदा आपल्या बाजूने आहे: ख्रिस्ती गीतं लिहिणारे रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली वारले, त्यामुळे त्यांच्या गीतांच्या शब्दांवर आता कुणाचा हक्क नाही. ती पेटीवर स्वतः गा. बाजारातल्या सीडीचा ट्रॅक मागे लावलात तर यूट्यूबचं यंत्र तो बरोबर ओळखतं आणि ऐन उपासनेत आवाज बंद पडू शकतो.

माझा खरा आक्षेप आकड्यांवर आहे. पाहणाऱ्यांची संख्या वाढते, समिती खूश होते. त्यात दुबईचा भाचा असतो, नाशिकची मावशी असते, पलीकडच्या चर्चचे चार जण असतात. आपल्या गल्लीतलं कोण होतं हे त्या आकड्यावरून कळत नाही. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात उभे राहिले आणि जगाने ते पाहिलं. त्या कामाला प्रक्षेपणच हवं होतं. साठ घरांच्या मंडळीचं काम वेगळं आहे.

झूम

फुकटात चाळीस मिनिटं आणि शंभर माणसं. चाळीस मिनिटांची अट ही माझ्या मते झूमने चर्चला दिलेली सर्वांत मोठी देणगी. उपदेश आपोआप आटोपशीर होतो. महिला संघ, बायबल अभ्यास, संडे स्कूल, तरुण संघ यांना झूम छान. एकमेकांचे चेहरे दिसतात, कुणी कोमेजलेलं असेल तर कळतं.

पूर्ण उपासना मात्र त्यावर रखडते. आवाज पोचायला प्रत्येक घरी वेगवेगळा उशीर होतो, त्यामुळे सगळ्यांनी मिळून गाणं अशक्य. एकाने गायचं, बाकीच्यांनी आपापला माइक बंद करून घरातल्या घरात सूर मिळवायचा. शिवाय लिंक उघड्यावर टाकलीत तर नको ती माणसं शिरतात. बाहेर थांबवून एकेकाला आत घेण्याची सोय आहे, ती वापरा आणि त्यासाठी एक माणूस नेमा.

फोन

इंग्लंडच्या चर्चने एप्रिल २०२० मध्ये एक विनाशुल्क फोनसेवा सुरू केली. नंबर फिरवायचा, गीतं आणि प्रार्थना ऐकायच्या. इंटरनेट नसलेल्या म्हाताऱ्यांसाठीच ती होती. ज्या देशात घरोघर इंटरनेट आहे त्यालाही याची गरज पडली. आपल्याकडे तर एका घरात एक स्मार्टफोन, त्यावर दिवसाचा दीड जीबी आणि तो मुलांच्या शाळेला जुंपलेला, अशी स्थिती होती.

तशी सेवा उभारायची गरज नाही. वही पुरते. मंडळीतली घरं वडिलांमध्ये आणि महिला संघाच्या बायांमध्ये वाटून घ्या, एकाकडे सात-आठ घरं, त्याहून जास्त नको. साध्या मोबाइलवरही चार-पाच जणांना एका कॉलवर जोडता येतं. बुधवारी आणि शनिवारी वेळ ठरवायची, एक उतारा वाचायचा, विनंत्या ऐकायच्या, प्रार्थना करायची, संपलं. आमच्याकडच्या एक आजी बटणांचा फोन स्पीकरवर टाकून रिकाम्या पातेल्यात ठेवतात, म्हणजे आवाज मोठा येतो. कॉलवर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू झालं की पाच जण पाच ठिकाणी असतात, आजी एक ओळ पुढे, त्यांचा धाकटा दीर अर्धी ओळ मागे. कुणी कुणाला थांबवत नाही.

वहीत काय हवं? नाव, नंबर, शेजाऱ्याचा नंबर, घरात कोण कोण, रोजची औषधं, रेशनकार्ड आहे का आणि कुठल्या रंगाचं. ही वही शांततेच्या दिवसांतच तयार होते. साथ आल्यावर माणसं फोन उचलायलाही घाबरतात. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांच्यासाठी पाळकांचा आठ-दहा मिनिटांचा बोललेला संदेश व्हॉट्सअॅपवर पाठवा. तो फारसा डेटा खात नाही, आणि नेटवर्क येईल तेव्हा ऐकता येतो.

उणीव एकच, पण मोठी: यात दिखाऊ काही नाही. ज्यांना काम दिसायला हवं असतं ते फोनच्या वहीवर टिकत नाहीत. घरं वाटून देताना माणसं ओळखून द्या.

प्रभुभोजन आणि ख्रिस्तप्रसाद

भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या या विधीबाबत तुलना करण्यापेक्षा विचारून घेणं शहाणपणाचं, कारण निर्णय तुमच्या हातात नाही. कॅथलिक धर्मग्रामांत पडद्यावर मिस्सा (उपासना) पाहून आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, म्हणजे प्रत्यक्ष भाकर न घेता मनानेच, एवढीच वाट होती. इंग्लंडच्या चर्चनेही तीच सुचवली. अनेक स्वतंत्र मंडळ्यांनी घरोघर भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस ठेवून पाळकांच्या शब्दांबरोबर प्रभुभोजन घेतलं. तुमच्या बिशपांचं किंवा सिनॉडचं (चर्चच्या वरिष्ठ सभेचं) मत आताच लेखी मागवा. ऐन लॉकडाउनमध्ये अर्धी मंडळी घरी घेतेय आणि अर्धी त्यांना नावं ठेवतेय, असं होऊ देऊ नका.

शिजवलेलं अन्न की रेशन-किट

सेवाकार्यात पहिला प्रश्न असा: समोरच्याकडे चूल आहे का? मे २०२० मध्ये नाशिकच्या महामार्गाने चालत निघालेल्या मजुराला पाच किलो तांदूळ म्हणजे ओझं. त्याला पोळी-भाजी, पाण्याची बाटली, केळी आणि चप्पल हवी होती. तुमचं चर्च महामार्गाजवळ, स्टेशनजवळ किंवा बांधकामांच्या वस्तीजवळ असेल तर स्वयंपाकघर उभारा. मात्र त्याला रोज माणसं लागतात, गॅस लागतो, पास लागतात, आणि स्वयंपाक करणाऱ्यांपैकी एकाला लागण झाली की सगळं बंद. एकट्याने करू नका. जवळचा गुरुद्वारा किंवा एखादं मंडळ आधीच शिजवत असेल, तर तिथे डाळ-कांदे आणि हात द्या.

वस्तीत राहणाऱ्यांसाठी किट बरं. पण डोळे झाकून तांदूळ-गहू भरू नका. एप्रिल २०२० पासून केंद्राच्या योजनेत अन्नसुरक्षा यादीतल्या कार्डधारकांना माणशी पाच किलो धान्य मोफत मिळत होतं. घरात तांदूळ आहे पण तेल नाही, अशी गत होती. तेल, तूरडाळ, साखर, चहापत्ती, मीठ, तिखट, साबण, सॅनिटरी पॅड हे भरा. आणि यादीत वर त्यांना घ्या ज्यांचं कार्ड गावाकडे राहिलं किंवा निघालंच नाही.

दोन गोष्टींवर मी अडून बसेन. किट घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. आणि पिशवीत पत्रिका, पुस्तिका, वचनाचं कार्ड, काहीही घालायचं नाही. भुकेल्याच्या हातात धान्याबरोबर धर्म ठेवला की धान्याचंही मोल जातं, आणि आजच्या वातावरणात त्याच पिशवीवरून पोलीस ठाण्याची वारी व्हायलाही वेळ लागत नाही. कुणी विचारलंच ‘तुम्ही कुठले?’, तर चर्चचं नाव सांगा की.

पैशांबद्दल: परदेशी देणगी घेणाऱ्या मोठ्या संस्थेकडून वाटा मिळेल, या भरवशावर राहू नका. सप्टेंबर २०२० च्या कायदेबदलानंतर अशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मंडळीचाच आपत्तीनिधी हवा, अर्पणातून दरमहा थोडा बाजूला काढलेला आणि न्यासाच्या हिशेबात वेगळा दाखवलेला.

दफन

याबद्दल बोलायला कुणी तयार नसतं, आणि नेमकी याचीच तयारी सगळ्यांत कमी असते. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने कोविडने गेलेल्या सर्वांचं दहनच करावं असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी ते फिरवलं. त्या काही तासांत ख्रिस्ती आणि मुसलमान घरांत काय उलघाल झाली असेल! केंद्राच्या आरोग्य खात्याच्या मार्च २०२० च्या सूचनांत मात्र वचनवाचन आणि पवित्र पाणी शिंपडणं, असे शरीराला हात न लावता होणारे विधी मान्य होते. तो कागद छापून फाइलमध्ये असता तर स्मशानभूमीच्या दारात कितीतरी वाद टळले असते.

दफन की दहन, हा पर्याय कुटुंबापुढे मोकळेपणाने ठेवा. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे. अस्थी नंतर दफन करता येतात. जागा अपुरी असलेल्या शहरात किंवा कबर खोदायला माणूस मिळत नसेल तेव्हा हाच मार्ग सोपा पडतो. गावाकडे स्वतःची दफनभूमी असेल तर दफनाचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण मग खोदणाऱ्यांची नावं, संरक्षक पोशाखाचे संच, जाड दोर आणि शववाहिकेचा नंबर आधीच ठरलेला हवा.

चार-सहा धडधाकट, घरी तान्हं मूल किंवा आजारी आईबाप नसलेल्या तरुणांना विचारून ठेवा आणि त्यांच्या घरच्यांनाही विचारा. त्यांतल्या एकाने फक्त फोन धरायचा. विलगीकरणात अडकलेल्या बायकोला आणि मुलांना पाळकांचा आवाज ऐकू आला पाहिजे आणि मातीच्या तीन मुठी टाकलेल्या दिसल्या पाहिजेत. त्या फोनची बॅटरी घरून निघतानाच पूर्ण भरलेली असावी.